तोटी

बरक्याच्या किनाऱ्यावर मी समुद्र गोड करतो.
पहिल्या वर्षी अम्मीला फोनवर असंच सांगितलं,
तर ती म्हणाली, एवढी साखर कोण देतो रे तुला?
जयगडच्या खाडीकाठी जन्म काढलेल्या बाईला
हा धंदा जरा उद्धट वाटला असावा.

तर, साठ बारचा दाब आणि कागदाहून पातळ पडदे.
शंभर लिटर समुद्र आत येतो,
चाळीस लिटर माणसांकडे जातो,
साठ लिटर परत, जवळजवळ दुप्पट खारट,
एका जाड नळातून, रात्रंदिवस.
त्या नळाच्या तोंडाशी काय जगतं
ते माझ्या पाळीच्या तक्त्यात नाही.
तक्त्यात दाब आहे, क्षार आहे, वीज आहे,
खाली सही: होडेकर.

हाच होडेकर घरी आला की
शॉवरखाली अर्धा तास.
नळ सोडून दाढी,
नळ सोडूनच वजू.
कोपरावरून ओघळणारं पाणी
सकाळी मीच केलेलं,
संध्याकाळी मीच गटारात सोडलेलं.
मेहरूख म्हणायची, मधे मधे बंद कर ना.
मी म्हणायचो, अगं, पाण्याच्या कारखान्यात आहे मी.

मग त्या ऑक्टोबरात समुद्र तांबडा झाला.
लाटेवर शेवाळाची साय,
वाळूत पोट वर करून पडलेले तारले,
घसा खवखवणारी हवा.
गाळण्या तुंबल्या, तिसऱ्या पाळीत यंत्रं थांबवली,
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
त्या इमारतीत मला माझे बूट ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी वसाहतीचे नळ खाकरले
आणि गप्प झाले.
टँकरच्या रांगेत कुणीतरी हसलं,
साहेब, तुम्हीसुद्धा?
घरी मेहरूखनं माळ्यावरून लोटा काढला,
तांब्याचा, तोटीचा, लग्नात आलेला,
इतकी वर्षं फुटक्या इस्त्रीशेजारी पडलेला.
एवढंच आहे, म्हणाली. यात बसव.

बसलं.
हात, चूळ, नाक, तोंड, कोपर,
ओला तळवा डोक्यावरून, मग पाय.
घोटे धुऊन झाले
तरी तळाशी दोन घोट उरले.
ते उरलेले दोन घोट
मला फार झोंबले.

पाचव्या दिवशी पाणी आलं. लोटा माळ्यावर गेला नाही.
पण सरळ रेषेत काही झालं नाही, उगाच कशाला सांगू.
थंडीत मी दोनदा शॉवरखाली पकडला गेलो,
जून उजाडला आणि एसी चोविसावरून वीसवर,
झैद म्हणतो, अब्बू, तुमच्या एका लोट्यानं
कारखान्याची सुई हलते का?
नाही हलत. ती सुई मी रोज बघतो,
मला कोण सांगणार.

एका शुक्रवारी किनाऱ्यावर खलफान भेटला.
पूर्वी इथे जाळं टाकायचा,
आता सुरमईसाठी दोन तास लांब जातो.
तो मला बोल लावत नाही,
नुसते पेट्रोलचे डबे मोजतो, मोठ्यानं, अरबीत,
आणि मला अकरापर्यंतचे आकडे कळतात.
तेरा डबे होते.
बाराव्याला मी मान खाली घातली.

त्या दिवसापासून तक्त्याच्या समासात
पेन्सिलीनं एक आकडा लिहितो.
घरचा. कालचा. किती लिटर.
कुणी विचारलेला नाही,
वरिष्ठ बहुतेक खोडून टाकतील.

रात्री शेजारच्या नायरांचा नळ ऐकू येतो,
भांडी घासून झाली तरी चालूच.
मी अंथरुणात पडून लिटर मोजतो.
उठतो. त्यांच्या दारापर्यंत जातो.
बेलवर बोट ठेवतो, आणि आठवतं,
अकरा वर्षं या भिंतीपलीकडे
त्यांनी माझा ऐकला असेल.